पाचटाची पत्रिका

मुलीच्या लग्नाची बैठक आमच्या घरी चालली होती, तेव्हा मला गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. पोहे झाले होते, चहा यायचा होता, तोंडात सुपारी होती. मांडव कुठं घालायचा, स्वयंपाक कोण करणार, मानपानाला काय द्यायचं, हे सगळं माझी बायको आणि व्याही मिळून ठरवत होते आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. तेवढ्यात पत्रिकेचा विषय निघाला आणि मी सुपारी गिळून टाकली.

आमचं गाव ओतूरपासून जवळ. व्याही आंबेगावच्या पश्चिमेचे, भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरातले, भातवाले. मुलगी आणि होणारे जावई अवसरीला इंजिनिअरिंगला एका वर्गात होते, म्हणून हा योग. मुलगी आता कारखान्यांचं सांडपाणी तपासायचं काम करते. तिने बैठकीत सांगून टाकलं की चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेल्या पत्रिका तिला नकोत. त्या रद्दीवालाही घेत नाही आणि चुलीत घातल्या तर घरभर घाण वास सुटतो. जावई म्हणाले, मग मोबाइलवरच पाठवू. त्यावर बायको म्हणाली, भावकीला मोबाइलवर आवतण दिलं तर भावकी आहेरही मोबाइलवरच दाखवील.

सगळे हसले. हसणं ओसरलं आणि मी हायस्कुलात भूगोल शिकवलेल्या आवाजात बोललो, "कागद मी बनवतो."

कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी पुढे सुरू झालो. आपलं जुन्नर एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं, इथला कागद लांबलांबच्या दप्तरांत जायचा, तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या माणसानं लेकीच्या लग्नाला विकतचा कागद आणावा म्हणजे काय? व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोनं फक्त चहा आणला. मी आयुष्यात बनवलेली कागदाची एकमेव वस्तू म्हणजे होडी, हे तिला माहीत होतं.

आता पत्रिकेची एवढी उठाठेव का, ते सांगायला हवं. आमच्याकडे पत्रिकेवर वधूवरांची नावं वरच्या बाजूला असतात आणि ती कुणी वाचत नाही. लोक वाचतात ते खाली. तिथं स्वागतोत्सुक, विनीत, कार्यवाहक, समस्त भावकी अशी नावांची दाटी असते. आपलं नाव आहे का, कुणाच्या वर आहे, कुणाच्या खाली आहे, हे बोट ठेवून पाहिलं जातं. माझे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादा, यातच दुखावले होते. भावकीतल्या एका लग्नात त्यांचं नाव चुलत पुतण्याच्या खाली छापलं गेलं. छापणाऱ्याची चूक होती, पण दादांनी ती पुऱ्या भावकीच्या खात्यावर टाकली. तेव्हापासून ते कुणाच्या लग्नाला जात नाहीत. आहेर पाठवतात, वहिनींना पाठवतात, स्वतः गोठ्यात बसतात.

आणि माझ्या मुलीला नेमके तेच हवे होते. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे निघतात. मांडवावर घालायला आंब्याच्या, जांभळाच्या, उंबराच्या फांद्या बैलगाडीतून वाजतगाजत येतात. लहानपणापासून तिनं ठरवलं होतं की तिचे डहाळे थोरल्या बाबांच्या गाडीतून येणार. लहान असताना ती त्यांच्या गाडीतच झोपायची. बैठक संपल्यावर ती मला म्हणाली, "पप्पा, कागद जमला नाही तरी चालेल. थोरले बाबा आले पाहिजेत."

माझ्या डोक्यात मात्र दोन्ही एकत्र शिजलं. आपण बनवलेल्या कागदावर दादांचं नाव सगळ्यांच्या वर, ठळक, मोठं छापायचं आणि ती पत्रिका स्वतः त्यांच्या हातात द्यायची. मग कसे येत नाहीत बघू.

कच्चा माल मी पाचट निवडला, म्हणजे उसाची वाळलेली पानं. ऊस तुटून गेला की शेतात पाचटाचे ढीग पडतात आणि बरेच जण काडी लावून मोकळे होतात. मग दोन दिवस गावाला खोकला. मला वाटलं, त्याच पाचटाचा कागद केला तर झाडही वाचेल आणि धूरही. शेजाऱ्यानं आनंदानं भारे दिले. तो म्हणाला, "न्या मास्तर, लागलं तर राखबी देतो."

मोबाइलवर एक हिंदी बोलणारा गृहस्थ दाखवत होता की गवत, पाचट असलं काही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवायचं. त्यानं झाडाला घट्ट धरून ठेवणारा चिकट भाग सुटतो आणि नुसते धागे उरतात. ते धुवायचे, कुटायचे, पाण्यात कालवायचे की झाला लगदा. शिजवायला भांडं मोठं पाहिजे, असं तो म्हणाला. कशाचं पाहिजे, तेही त्यानं सांगितलं असणार. पण तेवढ्यात जाहिरात लागली आणि मी ती पुढे ढकलताना बहुतेक तेही ढकललं.

मोठं भांडं गावात एकच. भावकीचं जर्मनचं तपेलं. प्रत्येक लग्नात, दहाव्यात, जत्रेत त्यात आमटी उकळते. ते असतं दादांच्या पडवीत. बायकोला मी वहिनींकडे पाठवलं. तिनं वहिनींना सांगितलं की हे काहीतरी उकळणार आहेत. वहिनींनी विचारलं, काय? बायको म्हणाली, देवाला माहीत. एवढ्यावर तपेलं मिळालं. दादा तेव्हा घाटात, म्हणजे बैलगाड्या पळवायच्या धावपट्टीवर, शर्यतीला गेले होते.

अंगणात तीन दगड मांडले, तपेलं ठेवलं, पाणी ओतलं, पाचट कोंबलं, सोडा टाकला. आणि काय सांगू, चूल पेटवायच्या आधीच पाणी खदखदायला लागलं. बुडबुडे, फेस, वाफ. मी बायकोला हाक मारून दाखवलं. म्हटलं, बघ, सरपण न लावता शिजतंय, याला म्हणतात पर्यावरण. ती पदर नाकाला लावून आत गेली आणि खिडकी लावून घेतली. उकळतंयच तर जाळ कशाला, म्हणून मी चूल पेटवलीच नाही. माझ्या आळसानं माझा जीव वाचवल्याची ही एकमेव नोंद आहे.

सकाळी पाहतो तर तपेल्याचा पत्रा निम्मा झालेला. पाचट जवळजवळ तसंच, खराट्यासारखं. तपेल्याची आतली बाजू काळीकुट्ट आणि खडबडीत, आणि बुडाला चाळणीसारखी भोकं. सगळं तपकिरी पाणी उताराला वाहून बायकोच्या अळूच्या वाफ्यात गेलं होतं. अळूची पानं आदल्या दिवशी हत्तीच्या कानांसारखी होती. आता ती माझ्या कानांसारखी खाली पडली होती.

मुलगी रविवारी आली. तिनं तपेल्यात वाकून पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं, हात जागेवर आहेत याची खात्री केली आणि खाली बसून हसायला लागली. कॉस्टिक सोडा जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याला खातो, हे तिनं मला समजावलं. ते खदखदणं पाचट शिजण्याचं नव्हतं, तपेलं विरघळण्याचं होतं. त्यातून निघणारा वायू पेट घेतो, तेव्हा चूल पेटली असती तर पत्रिका माझ्याच छापाव्या लागल्या असत्या, त्याही काळ्या चौकटीतल्या. मग ती अळूच्या वाफ्याजवळ गेली आणि तिचं हसू थांबलं.

"पप्पा, हेच पाणी मी रोज तपासते," ती म्हणाली. "तुम्ही घरात छोटी गिरणी काढलीत आणि नदीऐवजी आईचं अळू मारलंत."

चांगल्या कागद गिरण्या हे काळं पाणी आटवून जाळतात, त्याच्या आचेवर गिरणी चालवतात आणि सोडा परत काढून वापरतात, असं तिनं सांगितलं. जी गिरणी हे टाळते तिच्याखालच्या ओढ्यात मासा राहत नाही. आणि पाणी किती लागतं, ते मला एव्हाना कळलंच होतं. ते न शिजलेलं पाचट धुवायला मी भर उन्हाळ्यात बोअरची मोटर एवढा वेळ चालवली की शेजारी येऊन विचारून गेला, मास्तर, तळं करताय का? झाड वाचवायला निघालेला मी सोडा, पाणी, अळू आणि भावकीचं तपेलं खर्च करून बसलो होतो, आणि हातात कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता जो कागद आधीच झालाय तोच भिजवा. त्याला शिजवावं लागत नाही."

घरात कागद म्हटलं तर वह्या, वर्तमानपत्रं होतीच. पण खरा साठा निघाला माळ्यावर. जुन्या लग्नपत्रिका. बायको एकही टाकत नाही, कारण त्यावर देवाचं चित्र असतं. गावात सगळ्यांचं तसंच. दोन दिवसांत आमच्या ओट्यावर पत्रिकांचा ढीग लागला. लोकांनी हौसेनं आणून दिल्या. देवाचं चित्र बाजूला काढून ठेवा, मग करा त्याचं काय करायचं ते, एवढीच अट.

साध्या पत्रिका टबात भिजवल्या की संध्याकाळी मऊ पडायच्या. चकचकीत मात्र आठवडा भिजवल्या तरी जशाच्या तशा, पाण्यात हसत पडून. त्यांचा पापुद्रा नखानं सोलावा लागे. गल्लीतल्या बायका दुपारी येऊन सोलत बसत आणि सोलताना वाचत. हिचं लग्न, तिचं लग्न, ह्याचं मोडलं, त्याला आता दोन मुलं. एकीनं स्वतःचीच पत्रिका सोलली आणि नवऱ्याचं नाव लगद्यात टाकताना म्हणाली, "बरं झालं, आता जरा नरम पडंल." पापुद्र्यांची आणि सोनेरी चमकीची पिशवी भरली. तिचं काय करायचं ते मुलीलाही सांगता आलं नाही. ती अजून माळ्यावर आहे.

भिजलेला कागद मी मिक्सरमधून काढला. बायकोचा नव्हे, जुना. म्हणजे ती म्हणते तिचा, मी म्हणतो जुना. लगदा टबातल्या पाण्यात कालवला. खिडकीची डासांची जाळी लाकडी चौकटीला ठोकली, ती पाण्यात बुडवून आडवी वर उचलली. पाणी गळालं की जाळीवर सायीसारखा पातळ थर राहतो. तो जुन्या धोतरावर पालथा घालायचा, दाबायचा, वाळवायचा. बोलायला सोपं आहे. माझी पहिली साय एका बाजूला भाकरीएवढी जाड आणि दुसऱ्या बाजूला भोक. दुसरी जाळीला सोडेना. तिसरी धोतराला चिकटली ती आजतागायत धोतराचाच भाग आहे.

बायको उंबऱ्यात उभी राहून बघत होती. शेवटी तिला पाहवेना.

"सरका," ती म्हणाली. "कुरडया घालायला मला तुमच्या मोबाइलनं शिकवलं नव्हतं."

तिनं जाळी बुडवली, वर काढता काढता दोन झटके दिले, एक लांबीला, एक रुंदीला, आणि लगदा सारखा पसरला. पण तिचाही पहिला कागद धोतरावरून काढताना फाटला. मी अतिशय सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. मग आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ फाडले आणि त्याहून थोडे जास्त टिकवले. गोठ्याच्या पत्र्यावर धोतराचे तुकडे ओळीनं वाळत पडले की रस्त्यावरनं जाणारे विचारत, काय राव, पापड काय? मी म्हणायचो, चव बघून सांगा.

पाचटाचा मान राखावा म्हणून शेवटी मी ताज्या पाचटाचे बारीक काप लगद्यात टाकले. कागदाला खाकी रंग आला, मधूनमधून काड्या, आणि कुठं कुठं जुन्या पत्रिकांतलं एखादं लाल अक्षर. मला तो इतका आवडला की मी तो रस्त्यातल्या लोकांना थांबवून दाखवू लागलो. लोक रस्ता बदलू लागले.

मग मी ओतूरला छापखान्यात गेलो. नावांचा मजकूर तयार होता. दादांचं नाव सगळ्यांच्या वर. छापखानेवाला माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे तो माझ्या तोंडावर हसत नाही, आत जाऊन हसतो. त्यानं कागद उजेडात धरला, बोट फिरवलं आणि विचारलं, "मास्तर, खळ लावली का?"

खळ म्हणजे पेजेचा किंवा सरसाचा हात. तो दिल्याशिवाय कागद शाई पिऊन टाकतो, टिपकागदासारखा. हिंदी बोलणाऱ्या त्या गृहस्थानं हेही सांगितलं असणार. तरी एक छापून बघू म्हणालो. छापून बघितलं. वधूवरांची नावं मोठ्या अक्षरात होती, ती जरा फुगली पण वाचता येत होती. खाली, जिथं समस्त भावकी होती, तिथं काळा चिखल. आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यांत ठळक, दादांच्या नावाच्या जागी शाईचा एक गोळा, मधोमध पाचटाची काडी.

आता खळ लावता येईल का, विचारलं. लावून, वाळवून, घोटून होईल, पण लग्न तोंडावर आलं होतं आणि छापखान्यात सराईची गर्दी.

"मोठी अक्षरं बसतील," तो म्हणाला. "बारकी न्हाई बसायची. नावं मोठी करायची तर एका पत्रिकेत दोन-तीनच मावतील. कुणाची घेऊ ते सांगा."

मी त्या बाकड्यावर बसलो. दोन-तीन नावं घ्यायची म्हणजे दादांचं घेतलं तर चुलतभावांचं राहतं, चुलतभावांचं घेतलं तर मेहुण्यांचं, आणि एक रुसलेला माणूस आणायला निघालेला मी सगळं गाव रुसवून बसणार. घरी फोन केला. बायकोला विचारलं, कुणाची ठेवू? ती म्हणाली, माझ्या भावाचं नाही ना, मग कुणाचंच नको.

तसंच केलं. वधूचं नाव, वराचं नाव, तिथी, वेळ, ठिकाण, आणि खाली एकच शब्द. या. आमच्या भागात एवढी रिकामी पत्रिका आजवर कुणी छापली नसेल. माझंसुद्धा नाव नव्हतं. मुलीचा बाप कोण, हे गावानं अंदाजानं ओळखायचं.

पहिली देवापुढे ठेवली. दुसरी घेऊन मी दादांकडे गेलो. पत्रिकेत नाव नाही आणि पडवीत तपेलं नाही, अशा दोन गोष्टी एकदम सांगायच्या होत्या. दादा गोठ्यात बैलांना चारत होते. मी पत्रिका पुढे केली. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला, वरून खाली वाचलं. मग मागची बाजू पाहिली. मग पुन्हा पुढची. बोट आपोआप तळाला गेलं आणि तिथं नुसतं फिरत राहिलं.

"नावं कुठंयत?"

"बसली नाहीत, दादा. कागदानं शाई पिली."

"कुनाचीच न्हाई?"

"कुणाचीच नाही."

"तुझ्या मेव्हण्याचं?"

"नाही."

"आपल्या त्या..." त्यांनी पुतण्याच्या घराकडे हनुवटी केली.

"त्याचंही नाही. माझंही नाही."

नावांच्या मुद्द्याची दादांनी एवढी तयारी केली होती की तो समोरून नाहीसा झाल्यावर त्यांना हात कुठं ठेवावा ते कळेना. तेवढ्यात डावीकडच्या बैलानं मान वळवली, पाचटाच्या वासानं असेल, आणि पत्रिकेचा कोपरा तोंडात धरून ओढला. दादांनी सोडवेपर्यंत 'या'च्या खालचा भाग गेला होता. बैल शांतपणे चावत राहिला.

दादा आधी खांद्यातून हसले, मग पोटातून. त्यांना तसं हसताना मी फार वर्षांनी पाहत होतो.

"माझ्या बैलानं आवतान घेतलं," ते म्हणाले. "आता मला यावंच लागंल. त्यो एकटा कसा येईल?"

मी सुटलो असं वाटून उठायला लागलो.

"बस. तपेल्याचं सांग."

वहिनींनी तपेलं मी नेलं एवढंच सांगितलं होतं. लग्नसराईत तपेलं मागायला आलेल्या माणसाला पडवीतली रिकामी जागा दादांनी स्वतःच दाखवली होती आणि तेव्हापासून ते माझी वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. चुलीशिवाय उकळी आली, इथपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि वहिनींना बाहेर बोलावलं, म्हणजे त्यांनाही ऐकता यावं. मला ते पहिल्यापासून सांगावं लागलं. अळूच्या गोष्टीपाशी वहिनींनी डोळे पुसले, पण ते दुःखानं नव्हेत.

"नवं तू आनशील," दादा म्हणाले. "सोड्याला टिकंल असं आन. पुढच्या लेकीच्या लग्नाला काय करशील, नेम न्हाई." मला एकच लेक आहे, हे त्यांना माहीत आहे.

नवं तपेलं स्टीलचं आणलं. आणि दादांनी भावकीतल्या पत्रिका वाटायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. दारोदार स्वतः फिरले. कुणी पत्रिका हातात घेऊन खाली बोट न्यायला लागलं की ते सांगत, शोधू नको, आपन सगळी हायेत त्यात, दळून टाकल्यात. एका अर्थानं ते खरंच होतं. गावातल्या इतक्या लग्नांच्या पत्रिका त्यात भिजून गेल्या होत्या. लोकांनी नवलानं कागद उलटसुलट केला, वास घेतला, आणि आश्चर्य म्हणजे कुणी रुसलं नाही. रुसायला पत्रिकेत जागाच नव्हती.

मांडवडहाळ्यांच्या दिवशी संध्याकाळी ताशाचा आवाज आधी आला, मग वळणावर गाडी दिसली. आंब्याच्या आणि जांभळाच्या फांद्या इतक्या लादल्या होत्या की बैलांवर झाडच चालत येतंय असं वाटावं. पुढे दादा, डोक्याला फेटा, चेहरा कडक. मुलगी ओवाळायला ताट घेऊन पुढे गेली. तिनं बैलांना कुंकू लावलं, मग थोरल्या बाबांच्या पाया पडायला वाकली, आणि उठलीच नाही लवकर. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते मांडवाकडे पाहू लागले.

"ही मेढ कुनी रोवली?"

मीच रोवली होती. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं, व्याह्यांनीसुद्धा.

"वाकडी हाय," दादा म्हणाले, आणि फेटा काढून मुलीच्या हातात देत पहार मागवली.